आडनाव विचारण्याआधी

(२३ सप्टेंबरच्या निमित्ताने मंडळाच्या सभागृहात झालेल्या सभेतील भाषण. वक्ते बँकेत कारकून असून मंडळाचे जुने सभासद आहेत.)



मला भाषणाची सवय नाही. बी.कॉम. झालो, बँकेत लागलो आणि गेली बावीस वर्षे काउंटरच्या आत बसतो आहे. तिथे बोलणे होते ते ‘इथे सही करा’ आणि ‘पलीकडच्या खिडकीवर जा’ एवढेच. चिटणीसांनी दोनदा आग्रह केला म्हणून उभा आहे. विषय घेतला आहे वंशभेदाचा आणि जातिभेदाचा, आणि तोही आपल्या घरातल्या. काहींना तो रुचणार नाही. पण यात पहिला आरोपी मीच आहे, तेव्हा शेवटपर्यंत ऐकून घ्यावे ही विनंती.

२००९ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, ते आपल्याला आठवत असेल. आपल्या नात्यागोत्यातली मुले तिकडे शिकत होती. घराघरांत संताप होता. वर्णद्वेष किती वाईट, हे त्या वेळी आपल्याला कोणी समजावून सांगावे लागले नाही. पुढे २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेत मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड नावाच्या काळ्या माणसाच्या मानेवर पोलिसाने गुडघा दाबून धरला आणि त्यात तो मेला. त्या दिवसांत आम्ही सगळेच घरी होतो. टीव्हीवर ते दृश्य बघून माझी मुलगी, तेव्हा आठवीत होती, जेवताना म्हणाली, “बाबा, आपल्याकडे असं कुणाला वागवतात का?”

मी म्हणालो, “आपल्याकडे तसं नाही.”

ती स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून म्हणाली, “मग मावशींचा कप तिथे का?”

आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या मावशींचा कप खिडकीच्या कट्ट्यावर वेगळा ठेवलेला असे. लॉकडाउनमुळे दोन महिने त्या आल्या नव्हत्या. कप मात्र तिथेच पालथा होता. मी तो रोज बघत होतो आणि मला तो दिसत नव्हता. आई काही बोलली नाही. बायको म्हणाली, “उत्तर द्या तिला.” मला देता आले नाही.

आता काही जण म्हणतील, अमेरिकेतला काळा-गोरा भेद वेगळा आणि आपल्याकडची जात वेगळी. वेगळे आहेतच. पण दोन्हींतले नाते ओळखण्याचे काम मराठीतच फार पूर्वी झाले आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिले, ते अर्पण केले अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या माणसांना गुलामीतून सोडवण्यासाठी झीज सोसली. पुण्यात बसलेल्या माणसाला दीडशे वर्षांपूर्वी जे कळले, ते आपल्याला टीव्ही बघूनही कळत नाही, याचा अर्थ माहितीची कमतरता नाही.

दुसरी गोष्ट आपल्या गावची. आपण वडोदऱ्याचे लोक सयाजीराव महाराजांचे नाव निघाले की मान ताठ करतो, आणि ते योग्यच आहे. १९०६ साली सगळ्या राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी सुरू केले. १९१३ साली त्यांनी डॉ. आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले. हे आपण प्रत्येक कार्यक्रमात सांगतो. पुढचे मात्र सांगताना आवाज जरा खाली येतो.

शिष्यवृत्तीच्या करारात संस्थानची नोकरी करण्याची अट होती. त्याप्रमाणे १९१७ च्या सप्टेंबरात बाबासाहेब इथे आले. वय सव्वीस. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. घेतलेली, लंडनलाही शिकून आलेले. नेमणूक झाली अकाउंटंट जनरलच्या कचेरीत, म्हणजे आमच्याच हिशेबाच्या खात्यात. राहायला मात्र या शहरात जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून, रोज दीड रुपया देऊन ते राहिले. वर एक लहानशी खोली, बाकी सगळी अडगळ, विजेचा दिवा नाही, सोबतीला माणूस नाही. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता, तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत होता. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाले. आठवडाभराची मुदत मागितली, तीही मिळाली नाही.

इथे दोन मित्र होते. एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्राला वाईट वाटले, पण तो म्हणाला की तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारून सांगतो म्हटले. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास ते कमाठी बागेत बसले. म्हणजे आपल्या सयाजीबागेत, जिथे आपण मुलांना नेतो. तिथल्या त्या वडाच्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात आणि २३ सप्टेंबरला तिथे दूरदूरहून माणसे येतात.

ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ती वाचताना माझे लक्ष त्या काठीवाल्यांपेक्षा मित्रांकडे जाते. काठीवाला आपण होणार नाही, याची खात्री असते. मित्र आपण होऊ शकतो. आणि आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा तेव्हा संस्थानच्या नोकरीत होते. तो अर्ज ज्या टेबलांवरून फिरला, त्यातले एखादे आपल्या घराण्यातल्या कुणाचे नव्हतेच, असे मी तरी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आता माझी गोष्ट सांगतो.

२०१६ साली आमच्या शाखेत एक तरुण अधिकारी बदलून आले. विदर्भातले, वय सत्तावीसच्या आसपास, कामाला चोख. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, “दादा, तुमच्या ओळखीत एखादी खोली बघा ना. मराठी घर असलं तर बरं. बोलायला माणूस मिळेल.” मी उत्साहाने चार घरी फोन केले. चारही घरे आपली, या सभागृहात येणारी. भाडे किती देणार, हे कुणी आधी विचारले नाही. पहिला प्रश्न, “आडनाव काय?” मी सांगितले. एकाकडे पाहुणे येणार होते, दुसऱ्याकडे मुलाचा अभ्यास निघाला, तिसऱ्याकडची खोली ‘कालच गेली’, आणि तिथली ‘भाड्याने देणे’ची पाटी दिवाळीपर्यंत लटकत होती. चौथ्यांनी स्पष्ट सांगितले, त्यांचे निदान त्या बाबतीत आभार मानले पाहिजेत.

पण पाचवे घर माझे होते. आमची वरची खोली तेव्हा रिकामी होती. जिना बाहेरून, नळ वेगळा, सगळी सोय. त्या साहेबांनी मला सरळच विचारले, “दादा, तुमच्याकडे वर काही आहे म्हणे?” मी म्हणालो, “दुरुस्ती चालू आहे.”

दुरुस्ती चालू नव्हती. एक वीटसुद्धा हलवायची नव्हती. आईचे देवधर्म, शेजारचे काय म्हणतील, उद्या मुलीचे लग्न, असे सगळे दोन सेकंदांत डोक्यात आले आणि तोंडातून दुरुस्ती बाहेर पडली. ते काही बोलले नाहीत. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला पेइंग गेस्ट म्हणून राहिले आणि पुढे बदली घेऊन गेले. जाताना आम्हा सगळ्यांना पेढे दिले.

१९१७ मधल्या त्या मित्राला निदान नोकरांचे कारण होते. माझ्याकडे तेही नव्हते.

मंडळींनो, कायदा आहे. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली, १९५५ चा कायदा आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पण मी खोटे बोललो, ते कुठल्या फौजदाराला कळणार? कायदा पुष्कळदा दारापर्यंत येऊन थांबतो. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा सोसायटीचा नियम ग्राह्य धरला. बाबासाहेबांच्या वेळी महाराजांचा हुकूम होता, शिष्यवृत्ती होती, नोकरी होती, तरी एक दार उघडले नाही. दार आतूनच उघडावे लागते, आणि आत आपण असतो.

“आमच्याकडे असले काही नाही” असे आपण सगळेच म्हणतो. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात देशातल्या ४२ हजारांवर घरांना याविषयी विचारले होते, दलित माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला, तुमची भांडी वापरली तर चालेल का, हेसुद्धा. सुमारे २७ टक्के घरांनी, म्हणजे चारांतल्या एकाहून जास्त घरांनी, आम्ही शिवाशिव पाळतो असे कबूल केले. मी हिशेबातला माणूस आहे. हा आकडा कबूल केलेल्यांचा आहे. मला २०१६ साली विचारले असते, तर मी ‘नाही’ लिहून दिले असते.

मग घरात काय केले? फार काही नाही. खिडकीतला कप मी उचलला आणि आमच्या कपांबरोबर मांडणीत ठेवला. आई म्हणाली, “मला कळतं रे सगळं, पण हात थांबतो माझा.” ती पंचाहत्तरीची बाई, आयुष्यभर जे केले ते एका दुपारी सुटत नाही. मावशी परत कामाला आल्यावर कित्येक महिने ती तो कप गरम पाण्याने पुन्हा धूत असे. मी वाद घातला नाही. बायकोने मात्र मला सुनावले, “सभेत बोलायला तुम्ही आणि आईंशी रोज बोलायला मी, असं चालणार नाही.” तिचे खरे होते. तेव्हापासून सकाळचा चहा मी करतो, सगळ्यांचा, मावशींचाही, आणि त्या ओट्यापाशी उभ्या न राहता टेबलाशी बसून घेतात. आई आता कप पुन्हा धूत नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही.

वरची खोली आम्ही नंतर भाड्याने दिली. फोन आला की भाडे, अनामत आणि पाण्याची वेळ एवढे सांगायचे. आडनाव करारनामा लिहिताना कळते, आणि तोवर ‘या’ म्हणून झालेले असते. कोण राहते ते इथे सांगणार नाही. सांगितले तर मी पुन्हा त्यांच्या जातीचीच गोष्ट केली, असे होईल.

त्या अधिकारी साहेबांना मी दोन वर्षांपूर्वी फोन केला. खोली रिकामी होती आणि मी खोटे बोललो, असे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “मला तेव्हाच कळलं होतं, दादा.” आणि आईची तब्येत विचारली. त्यांनी मला माफ केले की नाही, मला माहीत नाही. विचारण्याचा अधिकार माझा नव्हता.

आता आपल्या मंडळाकडे येतो. मराठी वर्गांना मुले मिळत नाहीत, नाटकाला खुर्च्या रिकाम्या राहतात, गुजरातेत आपली भाषा टिकेल का, यावर आपण दर वार्षिक सभेत तळमळून बोलतो. चार मराठी घरांनी आणि पाचव्या माझ्या घराने एका मराठी माणसाला परत पाठवले, तेव्हा ही तळमळ कुठे गेली होती? तो माणूस मराठी वाचणारा, मराठी बोलायला माणूस हवे म्हणून आलेला. आपण ‘आपली माणसं’ म्हणतो तेव्हा भाषा मोजतो की आडनाव, हे एकदा ठरवले पाहिजे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. कार्यकारिणीने त्या विचारात घ्याव्यात.

पहिली, आपल्या वधू-वर सूचक फॉर्मात ‘रंग’ आणि ‘पोटजात’ असे दोन रकाने आहेत, ते काढावेत. माझी मुलगी सावळी आहे. एका लग्नात तिच्या देखत एक बाई म्हणाल्या, “नाकीडोळी छान आहे, रंगाचं तेवढं बघा.” त्यानंतर पोरगी महिनाभर बाहेरचा फोटो काढू देईना. मेलबर्नच्या बातमीवर चिडणारे आपण, हा रकाना आपणच छापतो.

दुसरी, सूचनाफलकावर भाड्याच्या जागांची चिठ्ठी लावताना ‘अमुक समाजासाठीच’ असे लिहिलेले असेल, तर मंडळाने ती लावून घेऊ नये.

तिसरी, विदर्भ, खानदेश, मराठवाड्यातून नोकरी-शिक्षणासाठी इथे येणाऱ्या मराठी माणसांना मंडळाने स्वतः जाऊन सभासद करून घ्यावे. आणि पुढच्या २३ सप्टेंबरला आपण सयाजीबागेत जावे. आपला फलक, आपला माईक घेऊन नाही. तिथे जमणाऱ्यांच्या मागे, जागा मिळेल तिथे बसावे आणि ऐकावे.

फॉर्मच्या सूचनेला आज अनुमोदक मिळाला, तर कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत ती ठेवता येईल, असे चिटणीस म्हणाले आहेत. मी माझी सही करून कागद इथे टेबलावर ठेवतो आहे. खाली जागा बरीच आहे.