विजेची वाट ओळखा

(वसतिगृहातील आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मीही तुमच्यासारखाच वसतिगृहात राहून शिकलो. पुढे आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा कोर्स केला आणि आजवर विजेचीच कामं करत आलो. हे काम मी का निवडलं, ते आधी सांगतो.

आमचा पाडा जव्हारकडचा. मी तेव्हा आठवीत होतो. आवणीचे दिवस होते, पाऊस नुकताच थांबला होता. माझा थोरला भाऊ ओले कपडे वाळत घालायला गेला. कपड्यांची तार लोखंडी होती आणि तिचं एक टोक पत्र्याखालच्या लोखंडी खांबाला बांधलेलं होतं. घरात येणारी विजेची वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली गेली होती, ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. भावाने तार धरली आणि तो तिथेच चिकटला. काकी त्याला ओढायला धावली, तर तीही फेकली गेली. कुणी म्हणालं भगताला बोलवा, कुणी म्हणालं दवाखान्यात न्या. ‘मेन स्विच बंद करा’ असं म्हणणारं कुणीच नव्हतं. स्विच दारामागेच होता. काकी वाचली, भाऊ गेला.

त्या दिवशी आम्हाला जे ठाऊक नव्हतं, तेच आज सांगायला आलो आहे.

हे पाहा, टॉर्चचे दोन सेल, एक लाल एलईडी आणि 100 ओहमचा हा छोटा रोधक. एकच वायर जोडली, दिवा लागला नाही. दुसरीही जोडली, लागला. सेलमधून निघालेल्या विजेला परत सेलपर्यंत यायला वाट लागते. वाट पुरी झाली तरच ती वाहते. या पुऱ्या वाटेला परिपथ म्हणतात. आता एलईडी उलटा लावतो. विझला! तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो. रेडिओ, मोबाइल अशा सगळ्या वस्तूंमध्ये असेच एकेरी दरवाजे असतात. इलेक्ट्रॉनिक्सची सुरुवात इथूनच होते.

आता तीन शब्द लक्षात ठेवा. डोंगरावरची टाकी जितकी उंच, तितका नळाला पाण्याचा जोर. तसा विजेचा जो जोर, तो दाब. तो व्होल्टमध्ये मोजतात. जेवढी वीज वाहते तो प्रवाह. तो अँपिअरमध्ये मोजतात. वाटेतला अडथळा म्हणजे रोध; तो ओहममध्ये मोजतात. जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने 1827 मध्ये या तिघांचं नातं मांडलं. दाबाला रोधाने भागलं की प्रवाह मिळतो.

हेच गणित आपल्या अंगाला लावू. घरातला दाब 230 व्होल्ट. कोरड्या कातडीचा रोध बराच असतो, पण ओल्या अंगाचा हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. 230 भागिले 1000 म्हणजे 0.23 अँपिअर, म्हणजेच 230 मिलिअँपिअर. तुमच्या खोलीतला 9 वॅटचा एलईडी बल्ब साधारण 40 मिलिअँपिअर घेतो. छातीतून गेला तर तेवढाही प्रवाह जीव घेऊ शकतो.

मग फ्यूज का उडाला नाही? पाच अँपिअरच्या फ्यूजला एवढा प्रवाह म्हणजे काहीच नाही. फ्यूज आणि एमसीबी हे वायर जळू नये म्हणून असतात. माणसासाठी वेगळं साधन आहे, आरसीसीबी. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, तरी तो क्षणात वीज तोडतो.

तुम्ही विचाराल, भावाने तर एकच तार धरली होती, मग वाट पुरी कशी झाली? ट्रान्सफॉर्मरजवळ न्यूट्रल जमिनीला जोडलेली असते. त्यामुळे अंगातून पायाखालच्या ओल्या मातीत उतरलेली वीज जमिनीतून परत जाते. एकाच तारेवर बसलेल्या चिमणीला ही वाट मिळत नाही, म्हणून ती सुखरूप असते. आपण अर्थिंग करतो तेही याचसाठी: बिघाड झालाच तर विजेला माणसाऐवजी दुसरी सोपी वाट मिळावी. तीन पिनांच्या प्लगमधली जाड, लांब पिन अर्थिंगची. ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते. ती कधीही तोडू नका.

कुणाला शॉक बसला तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमलं नाही, तर कोरड्या फळीवर उभं राहून कोरड्या काठीने त्याला तारेपासून दूर ढकला. ओला बांबू चालणार नाही, त्यात पाणी असतं. पण हे फक्त घरातल्या विजेसाठी. मोठ्या लाइनची तार तुटून पडली असेल, तर काठी घेऊनही जवळ जाऊ नका. सुटका झाल्यावर श्वास थांबलेला दिसला, तर 108 ला फोन करायला सांगा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने, भरभर दाबत राहा. मिनिटाला 100 ते 120 वेळा.

सुट्टीत घरी जाल तेव्हा एवढं करा. मेन स्विच कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना, आजीलासुद्धा, दाखवा. घरात येणारी वायर पत्र्याला घासते का ते लांबूनच पाहा. घासत असेल तर मोठ्यांना सांगून वीजतंत्र्याला बोलवा. आणि कपड्यांची लोखंडी तार असेल तर, आधी मेन स्विच बंद करून, मोठ्यांकडून ती काढून घ्या आणि तिथे नायलॉनची दोरी बांधा.

दोरीला फार पैसे लागत नाहीत. आमच्या घरी ती भाऊ गेल्यावर बांधली. तुमच्या घरी आधीच बांधा.