पलटणीचं दार

महाड तालुक्यात रावढळ हे गाव आहे. महार समाजातले गोपाळबाबा वलंगकर इथलेच. ते 1886 मध्ये लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले.

त्या काळी कोकणातल्या महार कुटुंबाला गावात शेतजमीन बेताची आणि वाट्याला वतनाची राबणूक. पलटणीत मात्र महिन्याचा ठरलेला पगार, पुढे पेन्शन, आणि पलटणीच्या शाळेत मुलामुलींना सक्तीचं शिक्षण. बापाची नोकरी अशी लेकरांच्या पाटी-पेन्सिलीपर्यंत पोचायची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक होते. तरीही साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना बसायला वेगळं गोणपाट असायचं. घरात शिक्षण आलं, पण जात सुटली नाही.

पुढे इंग्रजांनी ‘लढाऊ वंश’ ठरवले. अमुक जात जन्मानेच शूर, तमुक नाही, अशी ही वंशवादी विभागणी. त्यात महारांची भरती बंद झाली. पराक्रम होता, नोंदी होत्या. दार मात्र बंद. वलंगकरांनी 1894 मध्ये सरकारकडे अर्ज करून दाद मागितली, पण उपयोग झाला नाही. महार रेजिमेंट उभी राहिली ती 1941 मध्ये.

एक नोकरी नाकारली की पुढच्या पिढीची शाळाही हुकते. म्हणूनच राज्यघटनेच्या 16व्या कलमाने सरकारी नोकरीत दिलेला समान संधीचा हक्क मोलाचा आहे. तो आपल्या मुलांना जरूर समजावून सांगा.