दहावी आहे, क्लास सोडू का?

आजचा एपिसोड थोडा वेगळा आहे. नेहमीसारखं कोडिंग, इंटरव्ह्यू, पॅकेज असं काही नाही. आज लाथांविषयी बोलायचंय.

झालं असं की मागच्या आठवड्यात एका मुलाचा मेसेज आला. त्याचं नाव सांगत नाही, तो दहावीत आहे एवढंच सांगतो. लिहितो, "दादा, मी चार वर्षं तायक्वांदो करतोय. रेड बेल्ट आहे. घरचे म्हणतात दहावी आहे, क्लास बंद कर. तू पण करायचास ना? सोडू का?"

मी लगेच रिप्लाय टाईप करायला घेतला आणि थांबलो. कारण मीही दहावीतच सोडला होता क्लास. आणि का सोडला हे बरीच वर्षं कुणालाच खरं सांगितलं नव्हतं. म्हणून हा एपिसोड. मित्रा, तू ऐकत असशील तर शेवटपर्यंत ऐक.

मी मूळचा कराडचा. पप्पा एसटीत कंडक्टर, आई घरी शिवणकाम करायची. सहावीत असताना शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी तायक्वांदोचा क्लास सुरू झाला. पांढरे कपडे घालून मुलं ओरडतायत आणि हवेत लाथा मारतायत हे बघून मी घरी जाऊन हट्ट धरला. महिन्याला दोनशे रुपये फी. पप्पांनी विचारलं, "मारामारी शिकायला पैसे कशाला? ती फुकट येते." पण भरले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. 'ते' म्हणजे पाय, 'क्वॉन' म्हणजे मूठ आणि 'दो' म्हणजे मार्ग. जुदोतला 'दो' तोच. कोरियात आधी वेगवेगळ्या नावांनी शाळा चालायच्या, १९५५ मध्ये हे एक नाव पुढे आलं. १९७२ मध्ये सोलमध्ये कुक्कीवॉन उभं राहिलं. ब्लॅक बेल्टचं जागतिक सर्टिफिकेट तिथून येतं. ते आहे गंगनम भागात. हो, तेच गाण्यातलं गंगनम! १९७३ मध्ये जागतिक फेडरेशन झालं आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून या खेळाला पूर्ण मेडलचा दर्जा मिळाला.

आम्हाला अर्थातच यातलं काही माहीत नव्हतं. आम्हाला माहीत होतं "हाना, दुल, सेत, नेत". सर कोरियन आकडे म्हणायचे आणि आम्ही प्रत्येक आकड्याला एक किक मारायचो. दहापर्यंत मोजून झालं की परत हाना. खाली शहाबादी फरशी, त्यावर निळ्या-लाल पझल मॅट. त्या मॅट आम्हीच अंथरायच्या आणि आम्हीच गोळा करायच्या. रोज कुणाचा तरी अंगठा दोन मॅटच्या फटीत अडकायचाच. कपड्यांना डोबोक म्हणायचं. तो आईने इस्त्री करून द्यायचा आणि मी दप्तरात कोंबून चुरगाळायचा, हा नियम.

बेल्ट पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, लाल आणि मग काळा. मधे अर्धे टप्पे. प्रत्येक बेल्टला परीक्षा आणि परीक्षेची फी वेगळी. फीचा फॉर्म घरी दाखवायचा दिवस मला किकपेक्षा अवघड जायचा. पप्पा ओव्हरटाईमचा हिशोब करायचे आणि म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात दिले तर चालतील का, विचार सरांना."

आता २०१२. मी दहावीत, रेड बेल्ट. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये इलेक्ट्रॉनिक हॉगू आले. हॉगू म्हणजे छातीवर घालायचं ते जाड कवच. त्यात आणि पायमोज्यांत सेन्सर, किक नीट बसली की पॉइंट आपोआप. आमच्याकडे मात्र साधे हॉगू, आणि कोपऱ्यात हातात बटणं घेऊन बसलेले पंच. त्या वेळी अंगावरच्या साध्या किकला एक पॉइंट होता आणि डोक्यावरच्या किकला तीन.

सप्टेंबरमध्ये साताऱ्याला जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा होत्या. माझं वजन साडेशेहेचाळीस किलो. गट होता पंचेचाळीसच्या आतला. वरच्या गटात मुलं उंच असतात, खालच्या गटात सोपं जाईल, हे मीच ठरवलं. सरांना म्हटलं, "माझं वजन पंचेचाळीसच आहे."

मग चार दिवस मी काय केलं? पहाटे रेनकोट घालून प्रीतिसंगमावर पळायला. रात्री जेवायचं नाही, आईला सांगायचं मित्राकडे खाल्लं. शेवटच्या दिवशी पाणीसुद्धा घोट घोट. मंडळी, हे कौतुकाने सांगत नाहीये. वाढत्या वयात असं करणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, कुणी करायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा.

काट्यावर चव्वेचाळीस पूर्णांक आठ भरलं. मी खूश. बाहेर भिंतीवर यादी लावलेली, तिथे गेलो. माझ्या गटात चार नावं. फक्त चार.

आता यातली गंमत बघा. अशा स्पर्धांत तिसऱ्या नंबरसाठी वेगळी मॅच नसते. उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही ब्राँझ मिळतं. गटात चारच जण असतील तर पहिलीच मॅच उपांत्य फेरी. म्हणजे मी नुसता मॅटवर उभा राहिलो तरी मेडल पक्कं.

समोर फलटणचा एक मुलगा होता. त्याचं खरंखुरं वजन चव्वेचाळीस असावं, कारण तो ताजातवाना होता. पहिल्या मिनिटातच माझे पाय जड झाले. मी दोल्यो चागी मारायला, म्हणजे गोल किक मारायला, पाय उचलायचो तोवर तो मारून मागे गेलेला असायचा. दुसऱ्या राउंडमध्ये त्याची किक हेडगार्डवर बसली. लागलं नाही फारसं, पण मला भीती वाटली. आणि त्यानंतर मी लढलो नाही. मी वेळ संपायची वाट बघत मागे मागे सरकत राहिलो. अकरा-दोन. वाकून नमस्कार केला, त्याच्या कोचशी हात मिळवला आणि मागे जाऊन भिंतीकडे तोंड करून बसलो.

संध्याकाळी गळ्यात ब्राँझ मेडल.

पप्पांची त्या दिवशी सुट्टी होती, ते आले होते. परतीच्या एसटीत त्यांनी ड्यूटीवरच्या कंडक्टरना सांगितलं, "पोरगं जिल्ह्यात तिसरं आलं." अख्ख्या बसने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. मेडल घरी शोकेसमध्ये गेलं, टीव्हीच्या वर, मधोमध. कुणीही पाहुणे आले की पप्पा तेच सांगायचे. आणि मी काहीच बोलायचो नाही.

दोन आठवड्यांनी मी घरी म्हटलं, "दहावी आहे. क्लास बंद करतो."

सगळे खूश. आई म्हणाली किती समजूतदार झाला. शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलाला माझं उदाहरण दिलं. कुणी एक प्रश्न विचारला नाही, कारण आपल्याकडे 'दहावी आहे' म्हटलं की विषय संपतो. पण मंडळी, दहावी हे कारण नव्हतंच. दहावी ही सोय होती. मला परत त्या मॅटवर उभं राहायचं नव्हतं. आणि गंमत सांगू? वाचलेल्या त्या दीड तासात मी अभ्यास केला नाही. मी टीव्ही बघितला. त्या मेडलच्या बरोबर खाली.

पुढे अकरावी, बारावी, पुण्यात बीटेक. सेकंड इयरला होस्टेलच्या जवळच एक क्लास दिसला. बाहेरून "हाना, दुल" ऐकू आलं आणि मी चप्पल काढून आत गेलो. तिथल्या सरांना म्हटलं, मी रेड बेल्ट होतो, पण पांढऱ्यापासून सुरुवात करतो. ते म्हणाले, "बेल्ट कुठला बांधायचा ते नंतर बघू. आधी इल-जांग करून दाखव."

इल-जांग म्हणजे पहिली पूमसे. पूमसे म्हणजे एकट्याने करायचा ठरलेल्या हालचालींचा क्रम, समोर काल्पनिक प्रतिस्पर्धी. तेगुक नावाच्या आठ पूमसे आहेत. पहिली आकाशाची, आठवी जमिनीची. दक्षिण कोरियाच्या झेंड्यावर कोपऱ्यांत ज्या काळ्या रेघा असतात ना, तशी आठ चिन्हं आहेत, प्रत्येक पूमसेला एक. लहानपणी मला पूमसे बोअर वाटायची. मारामारी नाही, पॉइंट नाही, काय करायचं?

पण तिच्यात एक खोच आहे. जिथून सुरू केली तिथेच ती संपायला हवी. तुमची पावलं सारख्या मापाची नसतील, तर शेवटी तुम्ही भलतीकडेच उभे असता. तिथे पंचांना बटण दाबावं लागत नाही. तुमचं तुम्हालाच दिसतं. त्या दिवशी मी इल-जांग केली आणि सुरुवातीच्या जागेपासून दोन फूट पुढे थांबलो. सर काही बोलले नाहीत, नुसते फरशीकडे बघून हसले.

दोन वर्षं शिकलो. सकाळी कॉलेज, संध्याकाळी क्लास, रात्री असाइनमेंट. एक सब्जेक्ट राहिला, तो पुढच्या सेमला काढला. फायनल इयरला ब्लॅक बेल्टची परीक्षा दिली आणि नापास झालो. फळी फुटली, फाईट बरी झाली, पण पूमसेत पावलं चुकली. परीक्षक म्हणाले, सहा महिन्यांनी या.

दिवाळीत घरी गेलो. रात्री पप्पा आणि मी गच्चीवर बसलो होतो. म्हटलं, "पप्पा, मी नापास झालो." ते म्हणाले, "बरं. मग परत कधी आहे?" बास, एवढंच. मग मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं. ते साताऱ्याचं मेडल, गटात चारच मुलं, मी एकही मॅच जिंकलो नव्हतो, वजन खोटं सांगितलं होतं, सगळं.

पप्पा हसले. म्हणाले, "अरे, कंडक्टर आहे मी. आयुष्यभर माणसंच मोजली. भिंतीवरच्या यादीतली चार नावं मला मोजता येणार नाहीत?"

मी म्हटलं, "मग तुम्ही सगळ्यांना का सांगत होतात?"

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पहिले चार दिवस आनंदाने सांगितलं. पोरगं उपाशी राहून उतरलं होतं, तुझ्या आईला कळत नव्हतं होय? नंतर वाटलं, सारखं सांगितलं की तुला लाज वाटेल आणि तू परत जाशील, एखादी तरी जिंकून येशील. तू गेलाच नाहीस. मग आम्हीही विचारलं नाही. तेही चुकलंच आमचं."

सहा महिन्यांनी मी ब्लॅक बेल्ट झालो. सर्टिफिकेट फाईलमध्ये आहे. शोकेसमध्ये अजून ते ब्राँझच आहे. पप्पा काढू देत नाहीत.

तर मित्रा, तुझा प्रश्न. सोडू का? हो किंवा नाही हे मी सांगणार नाही, तुझ्या घरची परिस्थिती मला माहीत नाही. फी खरंच जड जात असेल किंवा अभ्यास खरंच मागे पडला असेल तर थांब, त्यात काही कमीपणा नाही. पण मग सरांना जाऊन तोंडावर सांग आणि परत कधी येणार ती तारीखही सांग. मी सरांना सांगितलंच नव्हतं, नुसतं जाणं बंद केलं. ते आता कराडमध्ये नाहीत, आणि ती रुखरुख राहिली.

मधला मार्गही असतो. आठवड्यात सहाऐवजी तीन दिवस जा. या वर्षी स्पर्धा नको. वजनाचे खेळ तर कधीच नको. घरी वीस मिनिटं पूमसे कर, तिला मॅट लागत नाही, समोर कुणी लागत नाही. गच्चीवर खडूने एक फुली मार आणि बघ, शेवटी तिच्यावर येतोस का.

आणि त्याआधी एकदा एकटा असताना स्वतःला विचार, की दहावी नसती तर उद्या क्लासला गेलो असतो का? उत्तर 'हो' असेल तर घरच्यांशी बोल. 'नाही' असेल, तर काय झालं ते कुणाला तरी सांग. सरांना सांग, आईला सांग, मला मेसेज कर. मला सहा वर्षं लागली सांगायला. तू एवढा वेळ घेऊ नकोस.

बाकीच्या मंडळींनो, तुम्ही 'दहावी आहे' म्हणून काय सोडलंत? तबला, क्रिकेट, चित्रकला? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या वेळी त्यातल्या काही ऐकू. आज शनिवार आहे, मी आता क्लासला निघालोय. लहान मुलांची बॅच आहे आणि मॅट अंथरायच्यात.

भेटूया. काळजी घ्या.