डिझेल एंजिनाची ओढ कोठें हरपते?

आषाढाची झड लागलेली असावी, पुण्याहून मिरजेकडे निघालेली गाडी शिंदवण्याच्या चढावर मंदावत मंदावत थांबावी, आणि पुढचें डिझेल एंजिन मात्र धडधडतच राहावें, असा प्रसंग या मार्गावर विजेच्या तारा येण्यापूर्वीं कित्येक प्रवाशांनीं अनुभवला असेल. अशा वेळीं डब्यांत तर्क सुरू होतात. कोणी म्हणतो तेल संपलें, कोणी ड्रायव्हरास नांवें ठेवतो. तेल संपतें तर एंजिन धडधडतें कशाला, हा विचार सहसा कोणी करीत नाहीं! खरी गोष्ट ड्रायव्हरच्या पुढ्यांतील प्रवाहमापक सांगत असतो. त्याचा कांटा शून्यावर आलेला असतो. यंत्र चालू आहे, परंतु चाकांस वीज पोहोंचत नाहीं.

डिझेलच्या एंजिनांत वीज कोठून आली, असें श्रोत्यांस वाटणें स्वाभाविक आहे. डिझेल यंत्र वाफेच्या एंजिनाप्रमाणें थांबल्या जागेवरून ओझें घेऊन निघूं शकत नाहीं. त्यास प्रथम मोकळें फिरूं द्यावें लागतें. यास्तव मोठ्या एंजिनांत तें चाकांस जोडीतच नाहींत. तें एक जनित्र फिरवितें, जनित्र वीज उत्पन्न करतें, आणि ती वीज चाकांच्या आंसांजवळ बसविलेल्या मोटरा चालविते.

मुळशीचा तलाव पाहिलेल्यांस ही व्यवस्था चटकन् उमगेल. एरव्हीं पूर्वेस वाहून गेलें असतें तें पाणी मुळशीस अडवून, बोगद्यांतून व नळांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस सुमारें ५०० मीटर खालीं भिरा येथें सोडलेलें आहे, व तेथें १९२७ पासून वीज निघत आहे. मुंबईस पाणी जात नाहीं, वीज जाते. या विजेपायीं मावळच्या शेतकऱ्यांनीं काय गमावलें, याचा उच्चार केल्यावांचून मुळशीचें नांव घेणें प्रशस्त नव्हे. १९२१ पासून १९२४ पर्यंत त्यांनीं सत्याग्रह केला. अखेरीस सेनापति बापट यांनीं धरणाच्या कामाची आगगाडीच अडविली व सात वर्षांची शिक्षा पत्करली. गांवें बुडावयाचीं तीं बुडालींच.

भिऱ्याच्या जुन्या वीजघराची शक्ति १५० मेगावॉट आहे. १९६२ सालीं भारतांत प्रथम आलेल्या २६०० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल एंजिनावरचें चालतें वीजघर दोन मेगावॉटांचेंही नाहीं. विजेच्या एंजिनास अडचणीच्या वेळीं तारेंतून कांहीं काळ अधिक वीज ओढून घेतां येते. डिझेलला आपल्या शिदोरीवरच भागवावें लागतें. साऱ्या गोष्टीचें मर्म येथें आहे.

मोटर फिरूं लागली कीं ती स्वतःही उलट दिशेनें विजेचा दाब उत्पन्न करते. वेग वाढतो तसा हा उलट दाब वाढतो, आंत शिरणारा प्रवाह घटतो, आणि त्याबरोबर ओढही घटते. जनित्राचा दाब वाढवून व मोटरांच्या जोडण्या बदलून ही तूट कांहीं अंशीं भरून काढतात. पण शिदोरी ठराविक, तेव्हां वेग आणि ओढ हीं दोन्ही एकदम वाढविणें अशक्य. चाकांपर्यंत २००० अश्वशक्ति पोहोंचली असें धरल्यास ताशीं २० किलोमीटर वेगास ओढ सुमारें २७ टन मिळेल, ४० स साडेतेरा, ६० स अवघी ९. बोरघाटांत दर ३७ फुटांस १ फूट असा चढ आहे. तेथें १००० टनांची गाडी, एंजिनासुद्धां, नुसती मागें घसरूं न देण्यास २७ टन ओढ लागते. घर्षणाचा हिशेब निराळाच. तो घाट १९२९ पासून विजेच्या एंजिनांकडे आहे, तरीही कर्जतेस गाडीला मागून रेटणारीं जादा एंजिनें जोडावीं लागतात, तीं उगाच नव्हेत.

मग हळू चालावें, म्हणजे ओढ पुष्कळ मिळेल? तेंही फार वेळ साधत नाहीं. मंद गतींत मोटरांतून प्रचंड प्रवाह वाहतो, त्या तापतात, आणि तारांवरील वेष्टन करपतें. म्हणून चढावर ठराविक वेगाखालीं फार वेळ राहूं नये असा दंडक असतो.

पावसाची गोष्ट आणखी वेगळी. डब्ल्यूडीएम-२ चें वजन सुमारें ११२ टन. कोरड्या, स्वच्छ रुळांवर चाकांची पकड त्याच्या चौथ्या हिश्शाहून थोडी अधिक, म्हणजे ३० टनांच्या आसपास. रूळ निसरडे झाले कीं ती बरीच खालीं येते. धो धो पावसापेक्षां पहिली बुरबुर अधिक वाईट, कारण तिनें रुळांवरील तेलकट मळ धुतला जात नाहीं, नुसता भिजतो. चाक जागच्या जागीं गरगर फिरूं लागलें कीं त्याच्या मोटरेंतील प्रवाह इतरांहून कमी होतो. हा फरक ओळखून यंत्रणा आपण होऊन वीज उणी करते, व रुळांवर वाळू सोडली जाते. ही ओढ गमावलेली नसते, चाक व रूळ बचावण्यासाठीं सोडलेली असते.

राहतां राहिला तो शून्यावरचा कांटा. मोटरा अगदीं खालीं, चिखलपाण्यांत. त्यांत कोळशाच्या ब्रशांची झिजून झालेली काळी पूड. वेष्टनास तडा जाऊन ओल शिरली कीं वीज लोखंडी सांगाड्यांत उतरते. हें ओळखणारा एक रिले असतो. तो पडतांच जनित्राचें चुंबकत्व काढून घेतलें जातें, घंटा वाजते, आणि यंत्र फिरत असूनही वीज निघत नाहीं. ड्रायव्हर रिले पुन्हां उचलून पाहतो. तो पुनःपुन्हां पडूं लागला, तर दोषी मोटर हुडकून तेवढी वगळतात व उरलेल्यांवर गाडी हलते का तें पाहतात. सपाटीवर बहुधा हलते. शिंदवण्याच्या चढावर, भरलेले डबे मागें असतां, न हलली तर दुसरें एंजिन येईपर्यंत थांबण्यावांचून गत्यंतर नसतें.