निजण्यापूर्वी विस्तव झाका



आमच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांत चुलीतला विस्तव झाकल्याशिवाय आजी निजत नसे. लाकडी जिना, अरुंद बोळ. आग लागली तर पळायला वाट एकच! आज अशाच एखाद्या जिन्याखाली विजेची स्कूटर रात्रभर चार्जिंगला लावलेली दिसते. हाही विस्तवच, पण डोळ्यांना न दिसणारा.

लिथियमच्या बॅटरीत ज्वालाग्राही द्रव असतो आणि दोन ध्रुवांमध्ये पातळ पडदा. मार बसला, भलताच चार्जर जोडला, तर पडदा निकामी होऊ शकतो. मग एक घट तापतो, तो शेजारच्याला तापवतो. विषारी धूर निघतो आणि भडका उडतो. विझलेली आग पुन्हाही पेटते.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेची स्कूटर पेटली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. त्याच सप्टेंबरात वसईला घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा दगावला.

तेव्हा बॅटरी जिन्यात, दारात, अंथरुणाजवळ लावू नये. खेड्यात अंगण असते. तिथे सावलीत, कडब्यापासून दूर लावावी. गाडी फिरवून आणल्यावर आधी निवू द्यावी. चार्जर तिचाच असावा. बॅटरी फुगली, वास आला, तर वापरू नये. पेटलीच, तर विझवत बसू नका. माणसे बाहेर काढा, १०१ ला फोन करा.

गुरुजी, एवढं मुलांना सांगाच. आजी विस्तव झाकत असे. आपण निजण्यापूर्वी बटण बंद करू या.