यवन व्यापारी आणि त्याची वही



उचगावाहून जवळच, पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तेथे १९४० च्या दशकात ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, कांस्यमूर्ती सापडली. व्यापाराच्या वाटेने आलेली ही मूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे.

ग्रीकांना आपले पूर्वज यवन म्हणत. मोसमी वाऱ्यांवर जहाजे हाकून ते मद्य, नाणी आणीत आणि सुती कापड नेत. कार्ल्याच्या लेण्यातील खांबांवर यवन दात्यांचे लेख आहेत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात अशाच एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’मध्ये बंदरे, माल, पैठण आणि तेर यांची नोंद केली. त्याचे नाव गेले, धन गेले. लिहिलेले तेवढे उरले.

पालकहो, मुलाला गांधीनगरच्या कापडपेठेत खुशाल बसवा, परंतु त्याची शाळा सोडवू नका.