चिलखत, वेग आणि दारूकोठाराचे दार



युनियनचा माणूस व्याख्यानमालेत येतो तेव्हा तो बोनस आणि महागाईभत्ता ह्यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही एका लढाऊ जहाजाचा नकाशा मांडणार आहोत. हे जहाज कधी बांधले गेले नाही. ते आम्ही कागदावर बांधले आहे आणि त्याचा हिशेब तुमच्यापुढे ठेवायचा आहे. आमचे शिक्षण रात्री दिव्याखाली आणि वाचनालयाच्या बाकावर झालेले. तेव्हा गणित त्रैराशिकापलीकडे जाणार नाही, ह्याची खात्री बाळगा.

१९०४ च्या ऑक्टोबरात सर जॉन फिशर ब्रिटिश आरमाराचा मुख्य झाला. १९०६ साली त्याने 'ड्रेडनॉट' पाण्यात सोडली. बारा इंची दहा तोफा, अकरा इंच जाडीचा चिलखती पट्टा, ताशी २१ नॉट वेग. आदल्या दिवसापर्यंतची सारी जहाजे तिच्यापुढे जुनी झाली. पण फिशरचे खरे प्रेम दुसऱ्याच लेकरावर होते. त्याच वर्षी 'इन्व्हिन्सिबल' वर्गाच्या तीन जहाजांचे काम सुरू झाले. बारा इंची आठ तोफा, ४१,००० अश्वशक्ती, वेग २५ नॉट; आणि मधल्या भागाचे चिलखत अवघे सहा इंच. तोफांच्या बुरुजांना सात इंच. वजन सतरा हजार टनांच्या थोडे वर, किंमत ड्रेडनॉटच्याच जवळपास, सतरा-अठरा लाख पौंड. वेग हेच चिलखत, असा फिशरचा सिद्धांत होता.

सिद्धांत अगदीच पोकळ होता असे नाही. ८ डिसेंबर १९१४ रोजी फॉकलंड बेटांजवळ 'इन्व्हिन्सिबल' आणि 'इन्फ्लेक्सिबल' ह्यांनी 'शार्नहोर्स्ट' व 'ग्नायझेनाऊ' ह्या जर्मन क्रूझरांना गाठून बुडविले. ज्या कामासाठी जहाज केले ते काम त्याने चोख केले. पण जहाजावर बारा इंची तोफा आहेत म्हटल्यावर, मोठ्या लढाईत त्याला मोठ्यांच्या रांगेत उभे करण्याचा मोह कोणता सेनापती आवरणार?

आता आमचा हिशेब. एक चौरस फूट, एक इंच जाड पोलादी पत्र्याचे वजन सुमारे ४१ पौंड. पट्टा तीनशे फूट लांब आणि अकरा फूट रुंद धरा. दोन बाजूंचे मिळून ६,६०० चौरस फूट. त्याची जाडी सहावरून नऊ इंच करायची, तर लागतात साडेतीनशे टनांहून थोडे अधिक. हे वजन आणायचे कोठून? वेगातून. जहाजाला लागणारी शक्ती वेगाच्या निदान घनाच्या प्रमाणात वाढते. २५ नॉटांऐवजी २४ पत्करले तर ४१,००० च्या जागी सुमारे ३६,३०० अश्वशक्ती पुरते. जहाजावर एकतीस बॉयलर होते. त्यांतले तीन तरी कमी होतील. यंत्रसामग्रीचे वजन तीन हजार टनांच्या घरातले. त्याचा नववा हिस्सा म्हणजे जवळजवळ तेवढेच साडेतीनशे टन! एका नॉटच्या किमतीत तीन इंच पोलाद. आम्ही हे दोनदा पडताळून पाहिले. व्यवहार इतका सरळ निघेल असे आम्हांला वाटले नव्हते.

बुरुजांचे मात्र एवढे स्वस्तात भागत नाही. बुरुजाखाली जो गोल पोलादी तट असतो, त्यातूनच दारू कोठारातून वर चढते. व्यास अठ्ठावीस फूट, उंची वीस फूट धरली तर चार तटांचे सात हजार चौरस फूट होतात. सातांचे नऊ इंच केले की अडीचशे टन वाढले. आमच्या हिशेबाने अशा जहाजावर सत्तर टन घातले की ते एक इंच खाली बसते. म्हणजे साडेतीन-चार इंच ते बुडणार, आणि आपण हौसेने जाड केलेला पट्टाही तेवढा पाण्याखाली जाणार! तो वर काढायचा तर जहाज रुंद करा; रुंद केले की शक्ती पुन्हा वाढवा. गृहिणींना हे गणित समजावून सांगायला नको. पाहुणा एक वाढला तरी पातेले मोठे लागते, आणि पातेले मोठे लागले की चूलही.

१९०५ च्या अखेरीस आरमारखात्यात 'एक्स ४' नावाचा एक आराखडा झाला होता. पूर्ण अकरा इंच चिलखत, दहा तोफा आणि २५ नॉट, सारे एकत्र. वजन साडेबावीस हजार टन. तो बाजूला पडला. आमचे जहाज ह्या दोहोंच्या मध्ये, एकोणीस हजार टनांच्या आसपास थांबते. आणि हे जहाज अगदीच काल्पनिक आहे असेही नाही. हॅम्बुर्गच्या ब्लोम आणि फॉस गोदीत १९०८ साली 'फॉन देर टान' सुरू झाले. तेही सुमारे एकोणीस हजार टनांचे. तोफा जरा लहान, अकरा इंची आठ. पण पट्टा २५० मिलिमीटर, म्हणजे पावणेदहा इंच.

३१ मे १९१६, जटलंडची लढाई. 'फॉन देर टान'समोर 'इन्डिफॅटिगेबल' आली. हिचे चिलखत 'इन्व्हिन्सिबल'सारखेच सहा इंची. थोड्याच वेळात तिचा स्फोट झाला आणि हजारांवर माणसे गेली. वाचली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. 'फॉन देर टान'ला त्या दिवशी चार मोठे गोळे लागले, काही काळ तिची एकही मोठी तोफ चालेना. तिच्यावर मेले अकरा. संध्याकाळी 'इन्व्हिन्सिबल' फुटली. १,०२६ मृत, सहा वाचले.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग तुमचे तीन इंच घातले असते म्हणजे झाले. नाही. त्याच दुपारी 'क्वीन मेरी' फुटली, आणि तिचा पट्टा नऊ इंची होता! आमच्या नकाशाला पहिला धक्का येथे बसतो.

इंग्रजांची दारू कॉर्डाइटची, रेशमी पिशव्यांत भरलेली. जर्मनांची मुख्य दारू पितळी कवचात असे. पण त्याहून मोठी गोष्ट दारांची. तोफा भराभर डागायच्या, मिनिटाला जास्तीत जास्त गोळे काढायचे, हा हुकूम. म्हणून कोठारांची दारे उघडी आणि पिशव्या वाटेत रचून ठेवलेल्या. बुरुजात आग लागली की ती थेट तळाशी. आम्ही एका कारखान्यात प्रेसची जाळी अशीच कोपऱ्यात पडलेली पाहिली आहे. मालकाकडचे म्हणाले, कामगार स्वतःच काढतात. खरेच होते ते. नगावर पैसे आणि जाळीने हात अडतो. मग दुसरे काय होणार? पुढे त्या प्रेसवर एकाची तीन बोटे गेली.

जर्मनांना हा धडा आधी मिळाला होता. २४ जानेवारी १९१५ रोजी डॉगर बँकच्या लढाईत 'झायडलिट्झ'चे मागचे दोन्ही बुरूज जळाले, दीडशेहून अधिक माणसे होरपळली. कोठारात पाणी सोडले म्हणून जहाज वाचले. त्यानंतर त्यांनी वर काढायच्या दारूवर बंधन घातले. त्याच लढाईतून इंग्रजांनी उलटा अर्थ काढला: आणखी भराभर डागा.

एकाने मात्र तसे केले नाही. 'लायन' जहाजावर १९१५ साली अलेक्झांडर ग्रँट नावाचा तोफखान्याचा वॉरंट ऑफिसर आला. हुद्दा फार मोठा नव्हे. त्याने कोठारातला रिवाज पाहिला आणि बदलला. लागेल तेवढीच दारू बाहेर, दारे शक्य तितकी बंद. त्यामुळे तोफांचा वेग कमी होत नाही, हेही त्याने करून दाखविले. जटलंडला 'लायन'च्या मधल्या बुरुजावर गोळा बसला. मेजर फ्रान्सिस हार्वेने मरणाच्या दारात कोठार बुडविण्याचा हुकूम दिला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे आग खाली उतरली, खालची माणसे गेली, पण कोठार बंद होते आणि पाण्याने भरलेले होते. 'लायन' परत आली.

म्हणून आमच्या नकाशात आम्ही क्रम बदलला आहे. पहिले वजन दारांना, दुहेरी झडपांना आणि दारूच्या बंद पेट्यांना. ते फार थोडे आहे. दुसरे बुरुजांच्या तटांना. पट्टा तिसरा. आणि २४ नॉट. नकाशा येथे टेबलावर ठेवला आहे, शेजारी मोजपट्टी आणि पेन्सिलही आहे. कोणाला बेरीज चुकलेली वाटली तर अध्यक्षांच्या परवानगीने पुढे येऊन सांगावे.